सावली उजळा, धुके पुसू नका

पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या भटकंतीचे फोटो हार्ड डिस्कमधून शोधून काढायचे आणि त्यांना एचडीआरचा, म्हणजे लख्ख उजेड आणि गडद सावली या दोन्हींतले तपशील एकाच फोटोत दाखवणाऱ्या तंत्राचा, साज चढवायचा, ही हौस आता घरोघरी पोहोचली आहे. माहुली, गोरखगड, सिद्धगड, माळशेज अशा शहापूर-मुरबाडच्या डोंगरांचे जुने फोटो त्यामुळे नव्याने झळकू लागले आहेत. या तंत्राला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. पण कॅमेऱ्याने टिपलेले, अंधारात दडून राहिलेले तपशील वर आणणे वेगळे आणि त्या दिवशी जे नव्हतेच ते रंगवणे वेगळे. पहिले जरूर करावे. दुसऱ्याने जुना फोटो नासतो.

मुरबाडच्या वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढून गेले की माथ्याजवळ सातवाहनकालीन लेणे लागते. आतल्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. बाहेरचे ऊन आणि आतला काळोख एका फोटोत मावत नाहीत. भिंतीला पुरेसे एक्स्पोजर द्यावे तर आकाश पांढरेफटक होते, आकाश सांभाळावे तर अक्षरे गडप होतात. कमी-जास्त एक्स्पोजरचे तीन फोटो घेतलेले असतील तर ते एकत्र करून दोन्ही वाचवता येतात. एकच 'रॉ' फाइल असली तरी तिच्यात बहुधा १२ किंवा १४ बिटांची माहिती असते, त्यामुळे सावलीतून बरेच काही निघते. जुन्या साध्या कॅमेऱ्याच्या जेपेगमध्ये मात्र प्रत्येक मूळ रंगाच्या जेमतेम २५६ पायऱ्या असतात. तिथली सावली जबरदस्तीने उजळली की अक्षरांऐवजी रंगीत दाणे दिसू लागतात आणि पांढरे पडलेले आकाश तर परत येतच नाही.

तरीही स्लायडर ओढत राहिले, की माहुलीच्या वजीर सुळक्याभोवती पांढरट कड उमटते आणि माळशेजच्या श्रावणातले धुके विरून कड्यांना भलतीच धार येते. उन्हाळ्यातल्या फोटोंचे नुकसान याहून मोठे आहे. १८९२ साली बांधून झालेले तानसा आणि पुढे आलेले भातसा, ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यातली. आणि याच तालुक्यातले कितीतरी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. एप्रिल-मेच्या फोटोतला करपलेला, मातकट उतार या विसंगतीची साक्ष देतो. तो हिरवा-सोनेरी केला की साक्षच फिरते.

यावर कोणी म्हणेल की, छायाचित्रकार पूर्वीपासून हेच करत आले आहेत. खरे आहे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे यांनी १८५०च्या दशकातच समुद्र आणि आकाश यांच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून चित्रे साधली. पण ती कलाकृती म्हणून घडवलेली होती. सहलीचा फोटो 'अमुक दिवशी हे असे होते' असे सांगत असतो. डोळ्याला कॅमेऱ्यापेक्षा जास्त दिसते, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नाणेघाटच्या लेण्यात तो पूर्ण लागूही पडतो, कारण डोळा अंधाराला सरावतो. धुक्यापलीकडचा कडा मात्र डोळ्यालाही दिसत नाही. उरला प्रश्न 'माझा फोटो, माझी मर्जी' याचा. घरच्या भिंतीवर तो मुद्दा चालेल. चारचौघांत फिरणारा फोटो लोक खरा मानतात आणि त्यावर विसंबून पावसाळ्यात घाटाकडे निघतात.

शहापूर झपाट्याने बदलते आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो होण्याआधीचे डोंगर, शेते, वाटा कशा होत्या हे उद्या कोणाला पाहायचे असेल, तर सामान्य भटक्यांचे साधे फोटोच कामी येतील. म्हणून मूळ फाइलला हात लावू नये. प्रयोग प्रतीवर करावेत आणि ती प्रत लोकांपुढे ठेवताना 'प्रक्रिया केलेली' असे स्पष्ट लिहावे. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरताना फोटोतली तारखेची नोंद सहसा गळून पडते, तेव्हा गाव, महिना आणि वर्षही सोबत लिहावे. एवढी शिस्त पाळली तर हौसही भागेल आणि तालुक्याचा पुरावाही शाबूत राहील.