पहारा कोणावर, कायदा कोणासाठी?

७ मे २०२४ रोजी बारामती, इंदापूरसह सहा विधानसभा मतदारसंघांत लोकसभेचे मतदान झाले. मतयंत्रे पुण्याच्या गोदामात ठेवली गेली. १३ मे रोजी तेथील सीसीटीव्ही ४५ मिनिटे बंद होता, अशी तक्रार उमेदवार सुप्रिया सुळे यांनी केली. विजेच्या कामासाठी केवळ पडद्याची केबल काढली होती, असे प्रशासनाने सांगितले. खरे काय, हे मतदाराने कसे तपासायचे? डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने निवडणूक नियम ९३ बदलून सीसीटीव्हीचे चित्रीकरण जनतेच्या तपासणीतून वगळले.

म्हणजे सत्तेवर जनतेची नजर नको, जनतेवर मात्र सत्तेची हवी! याच पुणे जिल्ह्यात १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावला अभिवादनासाठी आलेल्या समाजावर हल्ला झाला. गुन्हा एकबोटे व भिडे यांच्यावर नोंदला गेला. एकबोटेंना काही आठवड्यांत जामीन मिळाला. भिडेंना अटकच झाली नाही. एल्गार परिषद खटल्यात मात्र १६ जणांना यूएपीए लागला. फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीत असतानाच गेले. रोना विल्सन यांच्या संगणकातील पत्रे बाहेरून घुसवल्याचा अहवाल अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये दिला.

बाबासाहेबांनी १९४७ मध्येच ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये अवाजवी झडतीविरुद्ध संरक्षण मागितले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये फोन टॅपिंगला मर्यादा घातल्या. पण आदेश देणारे सचिव आणि तो तपासणारेही सचिवच! पाळतीसाठी न्यायाधीशाची परवानगी बंधनकारक करा, मतयंत्रांचे चित्रीकरण मतदाराला खुले करा. त्याशिवाय कलम १४ मधील समानता कागदावरच राहील.