डबा आपला, किल्ली कोणाची?



गेल्या रब्बीत आमच्या भागातल्या एका गावाने ज्वारीची ओल गमावली. पाऊस बरा झाला होता, वाफसा आला होता, बियाणे घरचे होते. भाड्याने पेरून देणारा ट्रॅक्टर गावात एकच, पन्नास हॉर्सपॉवरच्या वरचा, नव्या पद्धतीचा. त्याचे एक इंजेक्टर गेले. तालुक्याच्या फिटरने दुसऱ्याच दिवशी अस्सल इंजेक्टर आणून बसवले. पण या इंजिनात नव्या इंजेक्टरवर छापलेला आकडा ट्रॅक्टरच्या कॉम्प्युटरला भरून द्यावा लागतो, आणि तो भरण्याची मुभा फक्त कंपनीच्या लॅपटॉपला. लॅपटॉपवाला नवव्या दिवशी आला. दहा मिनिटांत आकडा भरला, बिल फाडले, गेला. तोवर ओल खाली गेली होती. पाभर कोरड्या मातीत चालली.

लोखंडाचे काम एका दिवसाचे होते. बाकीचे दिवस गेले ते एका आकड्याच्या पायी. ही गोष्ट डोक्यात ठेवूनच पुढचे वाचा.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारसायकलींना बीएस-६ निकष आले आणि त्यांच्यातला कार्बोरेटर जवळजवळ गेला. १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरवरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही धुराचे कडक निकष लागले. धूर कमी व्हायला आमचा विरोध नाही. तो धूर आमच्याच छातीत जातो. आमचा विरोध कुलपाला आहे. धूर कमी करायला कॉम्प्युटर लागतो हे खरे. त्या कॉम्प्युटरला कुलूप लागते, हे कोणत्या विज्ञानाच्या पुस्तकात लिहिले आहे?

आता मुद्द्यावर येतो. मागच्या शिबिरात ठरले की भंगारातल्या व्हॅनचे ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन घ्यायचे, त्याचा कार्बोरेटर काढून फेकायचा, इंधन इंजेक्शन बसवायचे आणि ते चौकटीवर ठेवून मळणीयंत्राला व पंपाला जोडायचे. पेट्रोल इंजिनच का? कारण आमचा डोळा गोड धाटाच्या ज्वारीवर आहे. दाणे खायला, धाटाचा रस अल्कोहोलला, चिपाडे गुरांना. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने या पिकावर १९८० च्या दशकापासून काम केले आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात गोड ज्वारीचे नाव छापलेले आहे. टनभर धाटांपासून सुमारे ४० लिटर अल्कोहोल निघते. पण अल्कोहोल डिझेलसारखे नुसत्या दाबाने पेटत नाही, त्याला ठिणगी लागते. म्हणून पेट्रोल इंजिन. परवान्याशिवाय अल्कोहोल गाळणे गुन्हा आहे, आम्ही ते करायला सांगत नाही. तो परवाना हा वेगळा लढा आहे. आज हे इंजिन पंपावरच्या ई-२० पेट्रोलवर चालेल. पण ज्या दिवशी परवाना हातात येईल त्या दिवशी इंजिन तयार पाहिजे.

भांडण पेटले ते इंजेक्शनचा डबा, म्हणजे ईसीयू, कोणता घ्यायचा यावर.

डबा करतो काय ते आधी समजून घ्या. कार्बोरेटर म्हणजे पाटाचे पाणी: हवा जोरात गेली की इंधन तिच्यामागे ओढले जाते. इंजेक्शन म्हणजे ठिबक, आणि डबा म्हणजे ठिबकच्या तोटीवर बसलेला माणूस. क्रँकवर दातांची चकती असते. ३६ दातांतला एक मुद्दाम काढलेला असतो. ती फट समोरून गेली की पिस्टन कुठे आहे ते डब्याला कळते. हवेचा दाब, हवेचे आणि पाण्याचे तापमान, रेस किती दिली, हे तो चार सेन्सरांकडून घेतो. मग आपल्या तक्त्यात बघतो. १६ ओळी, १६ रकाने, २५६ घरे. एका बाजूला फेरे, दुसऱ्या बाजूला भार. घरात जो आकडा असेल त्यावरून तोटी किती मिलिसेकंद उघडायची ते ठरते. मिनिटाला ३००० फेऱ्या असतील तर एक फेरी २० मिलिसेकंदांत संपते. एवढ्यात हा सगळा हिशेब होतो.

सगळी सत्ता त्या २५६ घरांत आहे. आणि ज्वारीवाल्यांसाठी तर ती जास्तच आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. एक किलो अल्कोहोलला ९ किलो पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत मोजमापाने सुमारे दीडपट अल्कोहोल सोडावे लागते. पेट्रोलच्या तक्त्यावर अल्कोहोल घातले तर इंजिन उपाशी चालते, तापते आणि पिस्टन वितळतो. ई-२० वरही जुन्या जेटचा कार्बोरेटर ७-८ टक्के कमीच पाजतो. म्हणून ज्याच्या हातात तक्ता, त्याच्या हातात इंधन निवडण्याचा हक्क.

ब्राझीलमध्ये काय झाले पाहा. १९७५ साली तिथे अल्कोहोलचा कार्यक्रम सुरू झाला. पुढच्या दहा वर्षांत विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या मोटारी निव्वळ अल्कोहोलच्या झाल्या. मग साखरेचा भाव चढला, कारखान्यांनी ऊस साखरेकडे वळवला, आणि १९८९-९० मध्ये अल्कोहोलच्या पंपावर रांगा लागल्या. मोटार दारात, आणि तिला दुसरे काही चालत नाही! २००३ मध्ये तिथे अशी मोटार आली की धुराच्या नळीतल्या ऑक्सिजन सेन्सरवरून डब्यालाच टाकीतले मिश्रण कळे आणि तो तक्ता त्याप्रमाणे हलवी. त्यानंतर माणूस पंपावर दोन्ही भाव बघून जे परवडेल ते भरू लागला. इंजिनाचे लोखंड मूळ तेच, फरक मुख्यतः डब्यातल्या हिशेबाचा. डब्याने मालकाला ‘नाही’ म्हणण्याची ताकद दिली. कापूस बाजारात नेऊन उतरवल्यावर ‘नाही’ म्हणता येत नाही म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता डब्यांकडे या. पहिला मार्ग भंगारातल्या एखाद्या नव्या गाडीचा कंपनीचाच डबा काढून बसवण्याचा. स्वस्त वाटतो. पण त्यातला तक्ता त्याच गाडीसाठी, त्याच इंधनासाठी लिहून बंद केलेला. किल्लीतली चिप जुळली नाही तर अनेक डबे इंजिन सुरूच होऊ देत नाहीत. हा मार्ग आम्ही सोडला.

दुसरा मार्ग शर्यतीच्या गाड्यांना बसणाऱ्या परदेशी डब्यांचा. हाल्टेक, मोटेक ही त्यातली ऑस्ट्रेलियन नावे. वस्तू उत्तम आहेत, यात शंका नाही. तक्ता आपल्याला लिहिता येतो. पण आतला प्रोग्राम बंद, पाटीचा नकाशा बंद, आणि जळला तर समुद्रापलीकडे पाठवा.

तिसरा मार्ग खुल्या पाट्यांचा. अमेरिकेत बोलिंग आणि ग्रिप्पो या दोघांनी २००१ च्या सुमारास मेगास्क्वर्ट नावाचा डबा सुट्या भागांत विकायला काढला. घ्या आणि घरी डाग देऊन जोडा! हजारो हौशी कारागीर त्यावर शिकले. मात्र त्याचा प्रोग्राम वाचायला मोकळा असला तरी चालवायचा त्यांच्याच पाटीवर, अशी अट आहे. ऑस्ट्रेलियात सुरू झालेला स्पीडुइनो त्याच्याही पुढे गेला. कॉलेजातली पोरे प्रयोगाला वापरतात त्या आर्डुइनो मेगा पाटीवर तो चालतो. प्रोग्रामही खुला, पाटीचा नकाशाही खुला. इंजेक्टरच्या चार वाटा आहेत, आपल्याला तीन पुरेत. इंधनात अल्कोहोल किती ते सांगणारा सेन्सरही त्याला जोडता येतो.

आमचे मत या तिसऱ्या मार्गाला आहे. शिबिरात मात्र आमच्याच इंजिनिअर झालेल्या पोरांनी विरोध केला. म्हणाले, काका, ही खेळण्यातली पाटी आहे, हमी नाही, धुळीत टिकणार नाही, कॉइलच्या ठिणगीने तिचे आकडे बिघडतील.

त्यांचे निम्मे म्हणणे बरोबर आहे, आणि ते लपवून आम्हाला मते नकोत. चकतीच्या सेन्सरची वायर कॉइलजवळून नेली तर डबा फेऱ्या चुकीच्या मोजणारच. अर्थिंग दहा ठिकाणी मारले तर सेन्सर खोटे बोलणारच. पाटी पत्र्याच्या बंद पेटीत, इंजिनाच्या उष्णतेपासून दूर ठेवावी लागेल. बाजारात पाटीच्या हलक्या नकला आहेत, त्या घ्यायच्या नाहीत. आणि लॅपटॉपवर तक्ता बदलायला सर्रास वापरतात तो ट्यूनरस्टुडिओ हा प्रोग्राम स्वतः खुला नाही, ही त्यातली गोम. त्याच्या फुकट आवृत्तीवर आपले काम भागते एवढेच.

पण हमीचे काय घेऊन बसलात? त्या नऊ दिवसांच्या ट्रॅक्टरला हमी नव्हती का? कागदावर होती. हमी म्हणजे बिघडल्यावर कोण येणार, कधी येणार. खुल्या पाटीवर इंजेक्टर चालवणारा ट्रान्झिस्टर जळला तर तालुक्याचा टीव्ही दुरुस्त करणारा तो बदलू शकतो, कारण नकाशा त्याच्या हातात आहे. एका शर्यतीच्या डब्याच्या पैशांत अशा तीन-चार पाट्या येतात. एक इंजिनावर, एक फळीवर. तक्त्याची फाइल पोराच्या लॅपटॉपमध्ये. पाटी बदलली, फाइल भरली, मळणी सुरू.

दुसरा आक्षेप आमच्या जुन्या कार्यकर्त्यांचा आहे, आणि तो आम्हाला जास्त लागला. ते म्हणतात, तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागितले म्हणजे बाजारात येईल ते विकत घेण्याची मोकळीक मागितली, डबे उघडणे आपले काम नाही. दादांनो, मग ते स्वातंत्र्य दुकानाच्या दारापर्यंतच का? अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा करून शेतकऱ्याला आपले यंत्र दुरुस्त करण्यासाठी लागणारी माहिती व साधने देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तिच्या यादीत शेती अवजारे आहेत. पुढे एक पोर्टल निघाले. पोर्टलने कोणाच्या ट्रॅक्टरचा आकडा भरून दिला असेल तर आम्हाला दाखवा.

काटकसर कुठे करायची नाही तेही सांगतो. धुराच्या नळीत वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर पाहिजेच. साधा सेन्सर इंधन जास्त की कमी एवढेच सांगतो, वाइडबँड नेमका आकडा सांगतो. त्याशिवाय तक्ता लिहिणे म्हणजे माती न तपासता खताची गोणी रिकामी करणे. इंजेक्टर पहिल्यापासून दीडपट क्षमतेचे घ्या. नळ्या, पंप, वॉशर अल्कोहोल सोसणारे घ्या. पौषातल्या थंडीत अल्कोहोलवर इंजिन लवकर पेटत नाही, म्हणून ब्राझीलच्या गाड्यांसारखी पेट्रोलची एक छोटी टाकी ठेवा. आणि हे सगळे चौकटीवरच्या इंजिनासाठी आहे. रस्त्यावरच्या गाडीत असा बदल परवानगीशिवाय करू नका, पकडले गेलात तर आम्ही सोडवायला येणार नाही.

जिल्हा बैठकीत यावर मतदान आहे. इंजिन ट्रॉलीवर घालून आणत आहोत, कार्बोरेटरसकट. ज्या गावांनी वर्गणी दिली त्यांना प्रत्येकी एक मत. प्रत्येक तालुक्याने एक फिटर आणि एक लॅपटॉपवाला पोरगा किंवा पोरगी बरोबर आणावी. वायरिंग त्यांच्याच हातून करून घ्यायचे आहे. मल्टिमीटर असेल त्याने तोही आणावा, आमच्याकडे एकच आहे.