सापाचा मलावरोध आणि माणसाचे माप

माझा एक भाचा गेली कित्येक वर्षे अमेरिकेत, न्यू जर्सी प्रांतात राहतो, आणि तिकडील पुष्कळ तरुणांप्रमाणे त्याच्याही घरी काचेच्या पेटीत बॉल पायथन जातीचा एक अजगर आहे. गेल्या हिवाळ्यात या अजगराने सलग सव्वीस दिवस शौच केले नाही, तेव्हा धास्तावलेल्या त्या मुलाला तिथल्या एका जुन्या सर्पपालकाने तोंडावाटे पॅराफिनचे तेल पाजण्याचा सल्ला दिला, आणि इकडून त्याच्या आजीने, म्हणजे माझ्या मातोश्रींनी, थोडे एरंडेल देऊन पाहण्याविषयी दूरध्वनीवर बजावले. दोन खंडांत राहणाऱ्या आणि एकमेकांना कधीही न पाहिलेल्या या दोघा हितचिंतकांचे निदान एक आणि औषधही जवळजवळ एकच निघाले, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटली. कारण ज्या समजुतीतून हा सल्ला निघाला ती इतकी सर्वमान्य आहे की तिची उलटतपासणी करावी असे कोणाच्या मनातही येत नाही.

पूर्वपक्ष थोडक्यात असा. पोटात साठून राहिलेला मळ हा रोगाचे मूळ होय. माणूस, बैल, घोडा, कुत्रा या सर्वांचा हाच अनुभव आहे. सापही प्राणीच असल्यामुळे त्याला हा नियम लागू आहे. तस्मात् आठ-दहा दिवसांत कोठा साफ न झाल्यास त्यास रेचक द्यावे. हा पक्ष मांडणारे लोक निष्ठुर नसतात, उलट आपल्या आश्रितावर माया करणारेच असतात, म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर देणे मला अगत्याचे वाटते.

या युक्तिवादातील दोष त्याच्या तिसऱ्या पायरीत आहे. माणसाचे पोट हे बारमाही चालणारे कामकाज आहे. सापाचे पोट साखर कारखान्याच्या गळीत हंगामाप्रमाणे चालते. ऊस आला की भट्ट्या पेटतात, चरक फिरू लागतात, आणि हंगाम सरला की सर्व यंत्रे थंडावतात, तद्वत साप उपाशी असताना त्याच्या जठरातील आम्ल जवळजवळ नाहीसे होते, आतडे आकसते, आणि भक्ष्य गिळताच सारा कारभार पुन्हा नव्याने उभा राहतो. स्टीफन सेकोर आणि जॅरेड डायमंड या कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात ब्रह्मदेशी अजगरावर जे प्रयोग केले त्यांत असे दिसून आले की, स्वतःच्या वजनाइतके भक्ष्य गिळलेल्या अजगराचा चयापचय उपाशी अवस्थेच्या ४४ पटींपर्यंत चढतो, आणि लहान आतड्याचे वजन एक-दोन दिवसांत सुमारे दुप्पट होते. ज्या यंत्रणेची भरती-ओहोटी इतकी टोकाची आहे, तिच्याकडून दररोजच्या, किंबहुना दर आठवड्याच्याही, नियमिततेची अपेक्षा करणे हा मूळ दस्तऐवज न वाचता दावा लावण्याचा प्रकार होय. सापाचे दिवस मोजायचेच असतील तर ते पंचांगावरून नव्हे, त्याने किती वेळा आणि किती मोठे भक्ष्य खाल्ले यावरून मोजावे लागतात. दोन महिन्यांत एकदाच जेवलेला अजगर दोन महिने शौचास बसला नाही म्हणून फिर्याद करण्याला काहीच आधार नाही.

याहूनही विलक्षण पुरावा फ्लोरिडा विद्यापीठातील हार्वी लिलीव्हाइट आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ साली पुढे आणला. आफ्रिकेतील गबून व्हायपर हा जाडजूड, जमिनीवर निश्चल पडून राहणारा, भक्ष्य जवळ आले की झडप घालणारा साप आपली विष्ठा ४२० दिवसांपर्यंत पोटात राखून ठेवतो, असे त्यांना आढळले. उलटपक्षी झाडावर चढणारे सडपातळ साप काही दिवसांतच ती टाकून मोकळे होतात. लिलीव्हाइट यांचा तर्क असा की, शरीराच्या मागच्या भागात साठलेले हे ओझे जहाजाच्या तळाशी ठेवलेल्या वजनाप्रमाणे सापाला जमिनीशी स्थिर ठेवते आणि झडपेला आधार देते. झाडावरच्या सापाला मात्र तेच ओझे जाचक होईल. हा तर्क कोणाला पटो वा न पटो, त्यामागील नोंदी खऱ्या आहेत, आणि ज्याला आपण व्याधी म्हणतो ती एखाद्या जातीची रीतच असू शकते हे त्यांवरून सिद्ध होते.

परंतु येथे मला दुसऱ्या पक्षाशीही भांडावयाचे आहे, आणि तो पक्ष पहिल्यापेक्षा अधिक घातक आहे. गबून व्हायपरची ही कथा ऐकून काही सर्पपालक असे मानू लागले आहेत की, सापाने कितीही दिवस मळ राखला तरी काळजीचे कारण नाही. एका जातीचा दाखला दुसऱ्या जातीच्या खात्यावर जमा करण्याचा हा प्रकार आहे. कॉर्न स्नेक हा चपळ, वर चढणारा साप सुस्थितीत असेल तर जेवणानंतर साधारणतः आठवड्याच्या आत शौच करतो. तोच जर तीन जेवणे होऊनही कोरडा राहिला तर ती रीत नव्हे, तक्रार होय. बॉल पायथनची मुदत याहून बरीच लांब असते, तो स्वभावतःच आळशी आणि मंद आहे. तरी तीन-चार जेवणे होऊन पोट मागच्या बाजूला फुगलेले असता स्वस्थ बसणे हे क्षम्य नाही.

मग खरे कारण कोणते? माझे म्हणणे स्पष्ट आहे: पाळीव सापाचा मलावरोध बहुधा सापाच्या पोटात उत्पन्न होत नाही, तो त्याच्या पेटीत उत्पन्न होतो. सापाला स्वतःची उष्णता निर्माण करता येत नाही; पेटी थंड असेल तर पचनाचे रस मंदावतात, आतड्याची हालचाल थांबते, आणि भक्ष्य सडून उलटून पडण्याचीही भीती असते. बॉल पायथनला एका टोकाशी ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाशी २५ ते २७ अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणजे तो स्वतः सरकून आपल्याला हवी ती जागा निवडू शकतो. उष्णतेखालोखाल पाणी. सापाला मूत्राशय नसते. त्याचे मूत्र बहुतांशी युरिक आम्लाच्या पांढऱ्या, चुन्यासारख्या गोळीच्या रूपाने विष्ठेबरोबरच अवस्करातून, म्हणजे मळ-मूत्राच्या सामाईक द्वारातून, बाहेर पडते, आणि शरीरात पाणी कमी पडले की हीच गोळी पिवळी, कडक होऊन वाटेत अडते. पुष्कळदा ज्याला मळाचा अडथळा म्हटले जाते तो प्रत्यक्षात या वाळलेल्या मूत्राचा अडथळा असतो. तिसरे कारण हालचालीचा अभाव आणि अतिभोजन: अरुंद खणांत सापांना दाटून ठेवावयाचे, दर आठ दिवसांनी वारानुसार उंदीर घालावयाचा, आणि भूक आहे की नाही याची चौकशीही करावयाची नाही, या रिवाजाने सापाच्या अंगावर चरबी चढते आणि आतडे सुस्तावते. चौथे, भक्ष्याचे मान: सापाच्या शरीराचा जो सर्वांत जाड भाग त्याच्याच जाडीचे भक्ष्य योग्य, त्याहून मोठे घातल्यास केस, दात, नखे यांचे न पचणारे गाठोडे मागे राहते. पेटीत पसरलेला भुसा किंवा वाळू घासाबरोबर गिळली गेल्यास तीही या गाठोड्यात भर घालते.

या चार कारणांपैकी कोणते तेल पाजून नाहीसे होते? एकही नाही. उलट तेलाचा उपाय स्वतःच एक नवे संकट आहे. सापाच्या श्वासनलिकेचे मुख त्याच्या तोंडाच्या तळाशी, जिभेच्या म्यानाच्या लगत, पुढेच उघडते. मोठे भक्ष्य गिळीत असताना श्वास चालू राहावा म्हणून निसर्गाने केलेली ही योजना बळजबरीने तेल ओतणाऱ्याच्या हाती जिवावर बेतते, कारण तेल फुप्फुसात उतरले की न्यूमोनिया होतो आणि तो बहुधा उशिरा ध्यानात येतो. घरच्या घरी पिचकारीने बस्ती देणाऱ्यांनीही जपावे. नाजूक आतडे फाटण्यास एक चुकीची हालचाल पुरेशी आहे.

आमच्या महाराष्ट्रात सापाला माणसाचे माप लावण्याच्या या चुकीचा एक जुना अवतार आपण दरसाल पाहतो. नागपंचमीच्या आधी कित्येक दिवस पाणी न दिलेला नाग गारुडी आणून ठेवतो, आणि तो तहानेने वाटीतील दूध पितो तेव्हा भाविक स्त्रिया धन्य होतात. परंतु दूध हे सापाचे अन्न नव्हे, आणि त्यापासून त्याच्या पोटाला अपायच होतो. तेथे भक्तीचे माप, येथे वैद्यकाचे माप, आणि दोन्ही मापे माणसाचीच. आपल्याकडील साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ अन्वये संरक्षित असून ते पकडून घरी बाळगणे हा गुन्हा आहे, हेही येथेच नमूद करून ठेवतो. सर्पमित्राने पकडलेला साप वनखात्याला कळवून सोडावा, पोटावर प्रयोग करण्यासाठी ठेवून घेऊ नये.

आता उपायाची तजवीज. प्रथम तापमापक लावून पेटीच्या दोन्ही टोकांची उष्णता पाहावी, आणि थर्मोस्टॅटने तिचा बंदोबस्त करावा. ताज्या पाण्याचे, सापाला अंग बुडवता येईल असे भांडे ठेवावे. त्यानंतरही अडल्यास पसरट भांड्यात ३० अंशांच्या आसपास कोमट पाणी, सापाच्या पाठीपर्यंतही पोचणार नाही इतके उथळ, घालून त्याला सुमारे अर्धा तास त्यात राहू द्यावे आणि तेवढा वेळ जवळून हलू नये. पुष्कळ साप त्या पाण्यातच मोकळे होतात. कात टाकण्याच्या सुमारास साप सुस्त असतो आणि कात टाकल्यावर अनेकदा शौच करतो, म्हणून त्या काळात घाई करू नये. मात्र पोटाला टणक गाठ लागणे, अवस्कराजवळ सूज, वारंवार जोर करणे, आतडे बाहेर डोकावणे, यांपैकी काहीही आढळले तर सरपटणाऱ्या प्राण्यांची जाण असलेल्या पशुवैद्याकडेच जावे. कारण मादीच्या पोटातील गाठ ही अडकलेली अंडीही असू शकतात, आणि त्याची खातरजमा वैद्याच्या तपासणीवाचून होत नाही. वैद्याकडे जाताना जेवणाच्या, शौचाच्या, कात टाकण्याच्या तारखा आणि वजन लिहिलेली वही बरोबर न्यावी. अशी वही ठेवणाऱ्या माणसाच्या प्रश्नाला वैद्य नेमके उत्तर देऊ शकतो.

भाच्याने माझ्या सांगण्यावरून तापमापक आणला, तेव्हा पेटीचे उबदार टोक २४ अंशांवर असल्याचे आढळले. त्याने ते ३२ अंशांवर आणले, पाण्याचे भांडे मोठे केले आणि उंदीर घालणे थांबविले. नवव्या दिवशी अजगराने कात टाकली, आणि त्याच रात्री त्याचे पोट मोकळे झाले.