पवनचक्की आली, उत्तर राहिले

साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर करीत सहलीची गाडी चाळकेवाडीच्या पठारावर पोहोचते. धबधब्याच्या तुषारांनी ओली झालेली मुले खिडकीतून माना बाहेर काढतात. समोर पवनचक्क्यांची रांग! ‘बाबा, यातून वीज कशी होते?’ या प्रश्नाला बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते, ‘वाऱ्याने फिरते, म्हणून होते.’ मग भाजलेली कणसे खाऊन गाडी परत फिरते.

खरे उत्तर तितकेसे अवघड नाही. सायकलच्या चाकाला घासून फिरणारा डायनॅमो ज्यांना आठवतो, त्यांना अर्धी पवनचक्की समजलीच. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज वाहते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. सायकलवर हे काम पाय करतात, पठारावर वारा करतो. पात्यांना विमानाच्या पंखासारखा बाक असतो. त्यांच्या दोन्ही अंगांनी वाहणाऱ्या हवेच्या दाबात फरक पडतो आणि पाते फिरू लागते. एवढे अजस्र पाते मिनिटाला वीस-तीस फेरेच घेते. म्हणून बहुतेक यंत्रांत दातेरी चाकांच्या मदतीने हा वेग हजार-दीड हजार फेऱ्यांपर्यंत वाढवतात आणि त्यावर जनित्र फिरते. ही वीज केबलने मनोऱ्यातून खाली येते, रोहित्रात तिचा दाब वाढतो आणि ती तारांवरून दूर निघून जाते.

सारी मदार वाऱ्याच्या वेगावर. वेग दुप्पट झाला तर वाऱ्यातली शक्ती आठपट होते. म्हणून ही यंत्रे उघड्या पठारावर उभी राहतात. म्हणूनच आषाढ-श्रावणात वीज भरपूर आणि एरवी पाती पुष्कळदा स्वस्थ.

हे सारे पठाराखालच्या गावांना कोणी समजावून सांगितले का? २००३-०४ च्या दुष्काळात सातारा, सांगली, धुळे या भागांत एक समज पसरला, की पवनचक्क्या ढग पळवून लावतात. शहरातल्या माणसांना त्याचे हसू आले. पण डोक्यावरून ढग न बरसता जाताना ज्याने पाहिले आणि त्याच वेळी डोंगरावर नवी पाती फिरताना पाहिली, त्याने दोन गोष्टींची सांगड घातली तर तो वेडा ठरत नाही. त्याला उत्तर मिळायला हवे होते.

आणि उत्तर होते. १९७२ च्या भीषण दुष्काळात महाराष्ट्राच्या डोंगरांवर ही यंत्रे नव्हतीच. विजेसाठी पवनचक्क्यांचे तांडे देशात आले ते १९८६ मध्ये, आणि त्यांतला एक रत्नागिरीच्या किनाऱ्यावर होता. माण-खटाव कोरडे राहतात, कारण सह्याद्री ढगांतले पाणी आधीच उतरवून घेतो. पठारावर ढग पात्यांना बिलगलेले दिसतात हे खरे. पण पाऊस देणारे ढग कित्येक किलोमीटर उंच वाढतात. त्यांच्यापुढे पन्नास-पाऊणशे मीटरचा मनोरा म्हणजे वडाखालचे गवत. शिवाय पात्यांच्या वर्तुळातून जाणाऱ्या वाऱ्याची ५९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा कोणत्याही यंत्राला काढून घेता येत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शतकापूर्वीच गणिताने दाखवले. उरलेला वारा पुढे गेलाच पाहिजे. नाही तर मागचा वारा येणार कुठून?

गावकऱ्यांच्या जमिनीबद्दल, मोबदल्याबद्दल, डोक्यावरून जाणाऱ्या तारांबद्दल तक्रारी असतील, तर त्या पावसाच्या गैरसमजात गुंडाळून बाजूला सारता येणार नाहीत. त्यांचा निवाडा स्वतंत्रपणेच व्हायला हवा. पण ज्या डोंगरावर यंत्र न्यायला रस्ता रुंद करता येतो, त्याच्या पायथ्याच्या शाळेत एखादा शिकवणारा पाठवणे काही फार खर्चाचे नाही. जिथे माहिती पोहोचत नाही, तिथे संशय आधी पोहोचतो.

म्हणून पुढच्या सहलीत मुलाने विचारले, तर कणसे थोडी थांबू द्या. आणि कणसे विकणाऱ्या बाईंची मुलगी शेजारी उभी असेल, तर तिलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगा. रोज त्या पात्यांखाली राहणारी तीच आहे.