पदवी नाही, पण पियानो येतो

ठाण्याच्या एका सोसायटीत राहणारी बी. कॉम. झालेली तरुणी. शाळेत असल्यापासून पियानो शिकत होती, पुढे कॉलेजात असताना आठव्या ग्रेडची परीक्षाही दिली. मग नोकरी, लग्न, मूल. नोकरी सुटली, पियानो तेवढा राहिला. एक दिवस शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘अगं, एवढं छान वाजवतेस, आमच्या चिनूला शिकव की!’’ तिच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते हे, ‘‘पण काकू, माझ्याकडे संगीताची पदवी कुठे आहे?’’

काकूंना पदवीशी काही देणेघेणे नव्हते. घरी चार मुलांना पियानो शिकवायचा तर पदवी हवीच, असा काही कायदा नाही. सरकारी नोकरीचे वेगळे. केंद्रीय विद्यालयात संगीत शिक्षक व्हायचे तर संगीताची पदवी मागतात. खाजगी शाळा आणि संगीताचे क्लास मात्र बहुधा ग्रेड आणि डिप्लोमा विचारतात.

या ग्रेड म्हणजे काय, ते पालकांनाही ठाऊक असलेले बरे. लंडनचे ट्रिनिटी कॉलेज १८७२ साली निघाले आणि १८७७ पासून परीक्षा घेऊ लागले. दुसरी संस्था असोसिएटेड बोर्ड, १८८९ सालची. दोन्हींच्या परीक्षा भारतात बसून देता येतात. ग्रेड आठ. असोसिएटेड बोर्डाकडे सहावीपासून पुढच्या परीक्षांना बसायचे तर आधी पाचव्या ग्रेडची थिअरी पास व्हावी लागते आणि नेमके इथेच पुष्कळांचे घोडे अडते. बोटे धावतात, पण कागदावरची स्वरलिपी डोक्यात जात नाही. आठवीनंतर डिप्लोमा. ट्रिनिटीचा ए. टी. सी. एल. हा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा मानतात, एल. टी. सी. एल. शेवटच्या वर्षाच्या. कॉलेजात न जाता, नोकरी सांभाळून हे करता येते. मुंबई-गोव्याकडच्या कितीतरी जुन्या पियानो टीचरांच्या नावापुढे हीच अक्षरे असत.

पण आठवी ग्रेड म्हणजे वाजवता येते याचा दाखला, शिकवता येते याचा नव्हे. ठाण्याच्या या तरुणीला ते पहिल्याच महिन्यात कळले. चिनू सहा वर्षांची. स्टुलावर बसली की पाय लोंबकळत, खांदे कानापर्यंत वर जात. टीचरचे लक्ष सगळे सुरांकडे. महिनाभराने मुलगी म्हणाली, ‘‘हात दुखतो.’’ काकू काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या दोन शिकवण्या चुकल्या.

मग ती आपल्या जुन्या टीचरकडे गेली. त्यांनी रागावण्याऐवजी तिला कोपऱ्यात खुर्ची दिली आणि सांगितले, ‘‘शनिवारी लहान मुलं येतात. नुसतं बघ.’’ तिने सहा महिने शनिवार मोडले नाहीत. त्या आधी मुलाच्या पायाखाली पाट सरकवत, बैठकीची उंची पाहत, मनगट हलवून सैल करत आणि मगच पट्टीवर बोट ठेवू देत. चुकलेला तुकडा पुन्हा पहिल्यापासून न वाजवता तेवढ्याच दोन मात्रा धरून बसवत. परीक्षेच्या कुठल्याही कागदावर न सापडणारे हे शिक्षण. तेही फुकट.

आपल्याकडची आणखी एक अडचण तिथेच लक्षात आली. पेटी वाजवणाऱ्या घरातली मुले पियानोवर पटकन सूर शोधतात. ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ त्यांना तोंडपाठ. पण पेटीत डावा हात भाता मारण्यात अडकलेला असतो. पियानोवर त्याच डाव्या हाताला वेगळे काम, वेगळी स्वरलिपी आणि सारखा मान. अशा मुलांचा डावा हात अगदी पहिल्या दिवसापासून वेगळा बसवावा लागतो. शिवाय घरी बहुतेकांकडे एकसष्ट पट्ट्यांचा हलका कीबोर्ड. पियानोच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांना वजन असते. हलक्या कीबोर्डावर वाढलेले बोट तिथे बसकण मारते. हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगितलेले बरे, नाहीतर परीक्षेच्या आधी भांडण ठरलेलेच.

भांडणावरून आठवले, फी. शेजारीपाजारी शिकवायचे म्हटले की पैसे मागताना जीभ जड होते. या तरुणीने शेवटी एका कागदावर लिहूनच दिले: फी महिन्याच्या सुरुवातीला, गणपती-दिवाळीची सुटी कोणती, न सांगता चुकलेली शिकवणी भरून मिळणार नाही. काकूंनी कागद वाचला, हसल्या आणि पैसे काढून दिले.

ज्यांना पदवीची रुखरुख लागते, त्यांनी कार्ल चेर्नीकडे पाहावे. ज्याचे सराव-धडे आजही जगभरची मुले कुरकुरत वाजवतात, तोच हा व्हिएन्नाचा चेर्नी. पहिले धडे वडिलांकडे, पुढचे बेथोव्हनकडे. पंधराव्या वर्षी तो शिकवू लागला. त्याच्या शिष्यांतला एक फ्रान्झ लिस्ट.

चिनू आता पाचवी ग्रेड उत्तम गुणांनी पास झाली आहे. सहावीचा अभ्यास सुरू करायच्या आधी तिच्या टीचरनेच काकूंना बोलावून घेतले आणि आपल्या जुन्या टीचरचा पत्ता हातात ठेवला. महिन्याची एक फी गेली. काकू म्हणाल्या, ‘‘मग धाकट्याला कधी पाठवू?’’