भाषेच्या परीक्षेला एकच माप हवे

वसईच्या बाजारात केळी घ्यावयास गेलेल्या गिऱ्हाइकाचा विक्रेत्याच्या शब्दावर विश्वास असो वा नसो, काट्यावर असतो. कारण त्या वजनांवर सरकारी शिक्का असतो आणि ठरावीक मुदतीने त्यांची पडताळणी होते. विद्यार्थ्यांची योग्यता तोलणाऱ्या विद्यापीठीय काट्याची पडताळणी कोण करतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. परकीय भाषांच्या बाबतीत तर तो टाळून चालण्याजोगा नाही.

वसई-विरारमधील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. २०१७ मध्ये या विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने अवलंबिली. निकाल लांबले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. त्या वेळी चर्चा झाली ती मुख्यतः विलंबाची. एकच उत्तरपत्रिका दोघा परीक्षकांनी तपासली तर गुण सारखे पडतील काय, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. यंत्रामुळे कागद परीक्षकापर्यंत लवकर पोहोचेल. परंतु परीक्षकांचे माप त्यामुळे एक होत नाही.

फ्रेंच वा जर्मन निबंध तपासताना एक परीक्षक व्याकरणाच्या चुका मोजतो, तर दुसरा आशय पोहोचला की नाही एवढेच पाहतो. दोघेही प्रामाणिक असतात, तरी गुणांत अंतर पडते. तोंडी परीक्षेत तर पुरावाही मागे उरत नाही. लेखी उत्तरपत्रिकेची फेरतपासणी मागता येते. बोललेले वाक्य हवेत विरून जाते. शिवाय शिकविणारा आणि गुण देणारा एकच असला, म्हणजे उदारपणाचा मोह आणि पक्षपाताचा संशय हे दोन्ही आलेच.

यावर तोड नाही असे नव्हे. युरोपीय परिषदेने २००१ मध्ये भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या. प्रत्येक पायरीवरील व्यक्तीला त्या भाषेत काय करता आले पाहिजे, हे त्यांत साध्या शब्दांत सांगितले आहे. मॅक्स म्युलर भवनात होणाऱ्या जर्मनच्या परीक्षांत संभाषणाचे गुण दोन परीक्षक देतात. जपानी भाषेच्या प्रसिद्ध पाच पातळ्यांच्या परीक्षेने वेगळा मार्ग पत्करला. तीत संभाषण आणि निबंध मुळातच नाहीत, त्यामुळे परीक्षकाच्या मर्जीला वावच उरत नाही. पण मोजण्यास अवघड म्हणून बोलणेच वगळणे विद्यापीठाला शोभणारे नाही.

तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकांवर आणखी बोजा कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही; वाढीव कामाचा मोबदला विद्यापीठाने दिलाच पाहिजे. तथापि उपाय फारसे खर्चिक नाहीत. तपासणी सुरू होण्यापूर्वी सर्व परीक्षकांनी त्याच दहा उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे तपासाव्यात आणि गुणांतील तफावतीवर एकत्र बसून चर्चा करावी. गुणदानाचे निकष वर्षारंभीच विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत. तोंडी परीक्षेस दोन परीक्षक असावेत, त्यांतील एक दुसऱ्या महाविद्यालयाचा. संभाषणाचे ध्वनिमुद्रण करून तक्रारीची मुदत संपेपर्यंत जपावे. त्यासाठी साधा मोबाइलही पुरेसा आहे.

हा प्रश्न केवळ शैक्षणिक शिस्तीचा नाही. ज्या नाण्याच्या कसाविषयी शंका असते, ते बाजार कमी किमतीत घेतो. विद्यापीठाच्या गुणांवर भरवसा नसलेली कंपनी बाहेरच्या संस्थेचे प्रमाणपत्र मागते. ज्याच्या घरी ऐपत आहे तो त्या परीक्षेचे शुल्क भरतो आणि पुढे जातो. नालासोपाऱ्याच्या चाळीतून गर्दीच्या लोकलने शिकावयास जाणाऱ्या मुलीजवळ मात्र विद्यापीठाची गुणपत्रिका एवढेच भांडवल असते. ढिल्या मापाने वाटलेले गुण वरकरणी तिच्यावर मेहेरबानी करतात. प्रत्यक्षात तिने कष्टाने मिळविलेल्या गुणांचे मोल ते उतरवितात. बाजारातले खोटे वजन जप्त करता येते. खोट्या मापाने तोललेल्या विद्यार्थ्याची गेलेली संधी कोणी परत आणून देऊ शकत नाही.