हातोडा सगळ्यात शेवटी

केम म्हटलं की लोकांना कुंकू आठवतं. मला आठवते काकांच्या शेडमधली प्रीमियर पद्मिनी. वर्षानुवर्षं उभी राहून तिची क्लच प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटली. पेडल दाबूनही गिअर पडेना!

गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवला, पण हातोडा घेतला नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट त्यांनी समोरासमोरचे, थोडे थोडे सैल केले. एकच बाजू सोडली तर स्प्रिंगच्या जोराने प्लेट वाकते. फ्लायव्हीलच्या सांध्यात गंजाचं तेल सोडून रात्रभर थांबले. दोन बोल्ट अर्धे अडकवून ठेवले, म्हणजे ते जड चाक पायावर पडायला नको. मग लाकडी ठोकळ्यावरून चौफेर हलके ठोके. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

आपण परीक्षेत क्लचचा टॉर्क बरोब्बर काढतो. पण वर्कशॉपमधला जॉब कायम कोरा! गंजलेलं काही हातात येतच नाही.

ही गाडी बनवणारी कंपनी सोलापूरच्याच वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये बंद झाली. गाड्या भंगारात जातील, पण मिस्त्रींच्या हातातली विद्याही त्यांच्याबरोबर जाऊ द्यायची का?

माझं म्हणणं एवढंच : वर्कशॉपमध्ये एक जुनी गाडी ठेवा आणि वर्षातून दोन दिवस मिस्त्रींना मानधन देऊन शिकवायला बोलवा. सर, बघा ना जमतंय का!